सात नंबरचं घर

परदेशातल्या क्लबात खेळाडूला जर्सी मिळाली की त्या जर्सीच्या आधीच्या मालकाचा संसारही त्याच्याकडेच येतो, आणि हे शैलेश तिवलेला विमानतळावरच सांगण्यात आलं. क्लबाचा माणूस चौदा नंबरची जर्सी आणि एका घराची किल्ली घेऊन उभा होता. "तेरावं कलम," तो म्हणाला. "आईसाहेब वाट बघतायत. सूप गार होतंय."

आता, करारातलं तेरावं कलम वाचून सही करणारा फुटबॉलवाला कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय. शैलेशनं तर पहिलंही वाचलं नव्हतं. परदेशात खेळायला मिळतंय एवढ्यावरच गडी खूश. त्यानं मुकाट किल्ली घेतली.

दार एका म्हातारीनं उघडलं. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, लोकरीच्या सपाता दिल्या आणि जेवायला वाढलं. तिचा हा नववा चौदा नंबर. चार महिन्यांनी भाषा थोडी जमल्यावर शैलेशनं विचारलं, "आई, यातला पोटचा कुठला?"

म्हातारीनं बोटांवर मोजून बघितलं. "पहिला असेल," ती म्हणाली. "नाहीतर दुसरा. दोघंही चांगले होते."

त्यानं तिची लाकडं फोडली, तिला दवाखान्यात नेलं आणि हंगाम संपल्यावर पाया पडून निघाला. जीव लागला होता, खोटं कशाला बोला. पुढचा चौदा नंबर फाटकाबाहेर बॅग घेऊन उभाच होता.

दुसऱ्या क्लबात पाच नंबर मिळाला. त्यात बायको आणि दोन पोरी होत्या. बाई समजूतदार. न विचारता तिनं त्याचं अंथरूण स्वयंपाकघरात घातलं आणि विषय संपवला. पोरी मात्र पहिल्या मिनिटापासून बाबा म्हणायला लागल्या. धाकटी रोज संध्याकाळी त्याच्या मांडीवर झोपायची. हंगाम संपला तेव्हा दोघींनी हात हलवला आणि नव्या पाच नंबरला गणिताची वही दाखवायला आत पळाल्या. त्या दिवशी बसस्टँडवर चौतीस वर्षांचा हा बाप्या ढसाढसा रडला, आणि रडता रडता त्याला एकदम आठवलं. त्याची स्वतःचीही एक जर्सी होती की कोल्हापुरात! पेठेतल्या काळभैरव तालमीच्या फुटबॉल संघाचा सात नंबर. आणि त्या नंबरावर एक घर होतं, सुप्रिया नावाची बायको होती आणि नऊ वर्षांची तनिष्का होती.

त्यानं तिथूनच तालमीचे सेक्रेटरी सरनोबत आण्णा यांना फोन लावला.

"आण्णा, माझा सात नंबर कुणाला देऊ नका."

"खुळा का काय रं तू? काचेच्या कपाटात ठेवलाय. रोज उदबत्ती लावतोय आम्ही."

"उदबत्ती कशाला? मी जित्ता हाय अजून! कुलूप लावा कुलूप."

"लावलं म्हण," आण्णा म्हणाले.

काळजी उगाच नव्हती. त्याच वर्षी तालीम आंतरराष्ट्रीय महासंघाला जोडली गेली होती. महासंघाचं प्रमाणपत्र मोठं आणि रंगीत होतं, तालमीच्या भिंतीवर शोभलं असतं, म्हणून आण्णांनी सही ठोकली होती. तेराव्या कलमासकट.

तिसरा क्लब आणखी उत्तरेला. जर्सी बावीस नंबरची, आणि संसारात नुसती एक कबर. आधीच्या बावीसच्या बायकोची. दर रविवारी फुलं घेऊन तिथं अर्धा तास उभं राहायचं. क्लबाचा निरीक्षक छत्री धरून शेजारी उभा असायचा. पहिले दोन महिने शैलेश थंडीनं कुडकुडत नुसता उभा राहायचा. पुढं पुढं त्याला खरंच रडू यायला लागलं. निरीक्षकानं वहीत 'समाधानकारक' असा शेरा मारला.

कबरीवरून आला की तो घरी फोन करायचा. एप्रिलमधल्या एका रविवारी सुप्रियानं फोन उचलला तो रडतच.

"अगं, काय झालं? तनू बरी आहे ना?"

"बरी आहे. फायनल जिंकलो आपण."

"मग रडतीस कशाला?"

"अहो, सात नंबर दिला त्यांनी."

घडलं ते असं. पेठेनं फायनलसाठी घानाचा, पण तीन वर्षं महाराष्ट्रातच खेळणारा क्वामे नावाचा एक फॉरवर्ड आणला होता. गडी सहा फूट, स्वभावानं गरीब. त्याला जर्सी द्यायची वेळ आली तेव्हा पेटाऱ्यातल्या सगळ्या उसवलेल्या निघाल्या. आण्णांनी कपाटाचं कुलूप काढलं.

"पावणा घरला आला आणि त्याला फाटकं नेसवायचं व्हय?" आण्णा फोनवर शैलेशला म्हणाले. "पेठेची आब्रू हाय का न्हाई? सगळ्यात चांगली वस्तू पावण्याला द्यायची, ही आपली रीत. कलम ध्यानातच आलं न्हाई बघ. चुकलं माझं. पण भावा, गोल असला हाणला, नाद खुळा!"

"आण्णा, काढून घ्या जर्सी."

"कशी काढू? पाच वर्षांची सही झालीया. आणि पेठ त्याला डोक्यावर घेऊन नाचतीया."

पाच वर्षांनी तनिष्का पंधरा वर्षांची होणार होती. शैलेश उरलेले पाच रविवार कबरीवर उभा राहिला, कारण करार म्हणजे करार, आणि मे महिन्यात कोल्हापूरला आला.

भर दुपारी त्यानं स्वतःच्या घराची कडी वाजवली. दार क्वामेनं उघडलं. "या, बसा," तो शुद्ध मराठीत म्हणाला आणि खुर्ची पुसून पुढं केली. शैलेश बसला. भांडायचं असं ठरवूनच आला होता, पण समोरचा माणूस इतका ओशाळलेला होता की शैलेशनं त्यालाच समोर बसवलं.

"मी बाहेर सोप्यात झोपतो," क्वामे म्हणाला.

"माहीत आहे. मी स्वयंपाकघरात झोपलोय."

"घानात, कुमासीला, माझा नंबर तीन वर्षांपूर्वीच दिला. तो माणूस माझ्या आईला दर रविवारी चर्चला नेतो म्हणे. मी नेत नव्हतो."

सुप्रिया आतल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "चहा टाकते," एवढंच म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती बशीसकट पाहुण्यांचे कप घेऊन. शैलेशनं त्या कपाकडं बघितलं; घरच्यांसाठी ते कधीच निघत नसत. तरीही त्यानं चहा घेतला, चांगला झालाय म्हणाला आणि उठला.

तालमीत आण्णांनी रजिस्टर पुढं ओढलं. "एकोणीस मोकळा हाय. पोरगा पुण्याला नोकरीला लागला. घरात त्याचा बाप हाय, ऐकायला कमी येतं, बाकी त्रास काय न्हाई." मग मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या... म्हणजे सात नंबरच्या समोरचंच घर. तेवढंच माझ्या हातात होतं, बघ."

शैलेशनं या वेळी सगळी कलमं वाचली आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी तनिष्का रस्ता ओलांडून आली. हातात आमरसाची वाटी, वर ताटली झाकलेली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काका, आईनं दिलंय."

शैलेशनं वाटी घेतली.

"काका म्हणायचं असं आईनं सांगितलंय," ती पायाकडं बघत म्हणाली. "पहिल्यांदा जड जातंय, मग सवय होती म्हणाली. क्वामेबाबांच्या वेळी पण झाली."

"बरोबर सांगितलंय तिनं," शैलेश म्हणाला.

आत जाऊन त्यानं रस दुसऱ्या भांड्यात काढला, वाटी घासली, पुसली. शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून तिच्यात साखर भरली. तनिष्कानं ती दोन्ही हातांनी धरली, दोन्ही बाजूंना बघितलं आणि रस्ता ओलांडून घरी गेली.