सासूबाईंनी विमान जड केलं

अवघड गोष्ट सोपी करून सांगावी तर ती मीच! मेव्हणीचे दिवस भरले होते, गाडीने वेळेत पोचणं अशक्य होतं आणि सासूबाई विमानाचं नाव काढू देत नव्हत्या. "वाऱ्याने उलटलं म्हणजे?"

मी टेबलफॅन लावला. त्याच्यापुढे कागदी विमान धरलं, ते थेट कपाटामागे गेलं. मग इस्त्री ठेवली. इस्त्री ढिम्म!

"बघा आई, विमान जितकं मोठं आणि जड, तितकं ते वाऱ्यात कमी हलतं. आपलं विमान म्हणजे ही इस्त्री!"

सासूबाई तयार झाल्या. मी कॉलर ताठ केली.

विमानतळावर तपासणीत त्यांची पिशवी अडकली. आत आमची इस्त्री!

"ही कशाला, आजी?"

"विमानाला तेवढाच जडपणा! जावईबापूंनीच शिकवलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. इस्त्री तिथेच ठेवावी लागली.

पुढे बसने विमानापाशी सोडलं. विमान एवढंसं! ती बस त्याच्यापेक्षा ऐसपैस होती. त्यात वारा असा, की माझी टोपी कधीच पसार झाली.

सासूबाई पायरीवर थबकल्या. "जावईबापू, ही इस्त्री नव्हे. हा कागद आहे!"

"अहो आई, तिकडे लेक वाट बघतेय..."

"तिला आई हवीय, आईचा फोटो नकोय!" आणि त्या मागे वळल्या.

इतक्यात हवाईसुंदरीने मला नखशिखांत न्याहाळलं. "सर, विमान लहान आहे, वजन पुढेमागे नीट वाटावं लागतं. तुम्ही अगदी मागे बसाल का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"यांच्या वजनाने विमानाला फरक पडतो?"

"पडतो ना, आजी!"

"मग चला! इस्त्री गेली तर गेली, जावई आहेत!"

वर गेल्यावर विमानाने असे काही हिसके दिले, की मी डोळे मिटून खुर्ची घट्ट धरली. पुढून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या शेजारणीला धीर देत होत्या, "घाबरू नका, आमचे जावई मागे बसलेत!"

चाकं टेकली आणि माझ्या जिवात जीव आला. आम्ही अगदी वेळेवर पोचलो. लेकीने आईचा हात धरला, संध्याकाळी नात झाली, दोघी सुखरूप. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच रडलो!

जेवताना मात्र मनाशी ठरवलं, आता खाणं कमी करायचं. मी ताटावर आडवा हात धरला. सासूबाईंनी तो प्रेमाने बाजूला केला.

"घ्या हो, पोटभर घ्या. परतही त्याच विमानाने जायचंय!"