तिसऱ्या हाकेचा नियम

रात्री आलेल्या हाकेला ओ द्यावी की नाही, हा माणसापुढचा फार जुना प्रश्न आहे. तो कायमचा सुटला देवळाली प्रवऱ्याजवळ, कालव्याच्या नवव्या चारीवरच्या चौकीत, बाहत्तर सालच्या हिवाळ्यात. दुष्काळाची धांदल असल्यामुळे या शोधाकडे जाणकारांचं लक्ष गेलं नाही.

शोध लावला मच्छिंद्र पाटकऱ्याने. चारीचा दरवाजा वेळेवर उघडायचा, वेळेवर लावायचा आणि मधल्या वेळात जागं राहायचं, अशी त्याची रात्रपाळी. यातलं जागं राहण्याचं काम तो मनापासून करी, कारण भीतीने त्याला झोपच येत नसे. चौकीमागे पिंपळ होता आणि पिंपळावर मुंजा होता. आजीने त्याला लहानपणीच बजावलं होतं की भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी मारायची त्याला परवानगी नसते. (परवानगी कोण देतं हे आजीला ठाऊक नव्हतं, पण असेल कुठलं तरी खातं.)

त्या रात्री एक वाजता चांगुणाबाईची पाण्याची पाळी होती. नवरा फौजेत, अर्धा एकर गहू पोटरीत आलेला, ओंब्या फुटायच्या बेतात, आणि चुकलेली पाळी पुन्हा एकवीस दिवसांनी. पाळीवाल्याने आपल्या रानातच हजर राहावं असा नियम असल्याने ती कालव्यापलीकडे कुडकुडत उभी होती. पाणी येईना तेव्हा तिने हाक मारली, "वो मच्छिंद्रभाऊ! दार उघडा की!" थोड्या वेळाने आणखी एक मारली. मच्छिंद्रने घोंगडी डोक्यावरून घेतली आणि तिसरीची वाट पाहिली. तीन वाजता पाळी संपली.

चांगुणाबाईने तक्रार केली. चौकशीला साहेब स्वतः जीपने आले.

"हाक ऐकू आली होती का?"

"व्हय साहेब. दोनदा."

"मग ओ का दिली नाही?"

"तिसरीची वाट बघत हुतो. भूत असतं तर?"

"दोन हाकांत घसा बसला माझा," चांगुणाबाई म्हणाली. "अशा थंडीत तिसरी कुठनं आणू? गहू वाळून चाललाय, साहेब."

साहेब विचारी होते. पाटकऱ्याला भुताने धरलं, तर त्याची भरपाई कुठल्या सदराखाली दाखवायची, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. मच्छिंद्रच्या सावधगिरीबद्दल त्याची पाठ थोपटून ते परत गेले आणि आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं :

"रात्री हाक आल्यास प्रथम ती मोजावी. एक हाक आल्यास दुर्लक्ष करावे. दोन आल्यास भूत समजून दुर्लक्ष करावे. तीन आल्यास माणूस समजून अर्ज मागवावा. एका दमात मारलेल्या तीन हाका एकच धरल्या जातील. मुळीच हाक न मारता जे काही येईल ते या नियमाच्या कक्षेबाहेर असल्याने त्यास अडवू नये. नोंदवहीत 'अज्ञात शक्ती' असे लिहावे."

नियम इतका सोयीचा ठरला की कार्यालयाने तो दिवसाही लावला. चांगुणाबाईचे दोन अर्ज आधीच येऊन पडले होते. त्यांना अर्थातच उत्तर गेलं नाही. तिसऱ्यासोबत हयातीचा दाखला मागितला गेला. दाखला देणारं कार्यालयही प्रगतिशील निघालं. त्यांनीही तिसऱ्या खेपेला यायला सांगितलं.

शेवटचं कलम मात्र उगाच घातलेलं नव्हतं. त्या हंगामात दरवाजा अकरा वेळा आपोआप उघडला होता आणि अकराही वेळा पाणी श्रीमंतराव बागायतदारांच्या उसात गेलं होतं. (श्रीमंत हे त्यांचं नाव आहे, वर्णन नव्हे, पण चालून जातं.) मुंजा शिस्तीचा होता. तो कधी हाक मारत नसे, आणि तो येऊन गेला की सकाळी चौकीत गुळाची ढेप सापडे. ती मच्छिंद्र खाई, आणि बरीच मोठी असली की निम्मी साहेबांकडे पोचवी. या गोष्टीचा उलगडा विज्ञानाला अजून झालेला नाही.

परिपत्रकानंतर पाचव्या रात्री दरवाजाचं चाक पुन्हा करकरलं. मच्छिंद्रने घोंगडीच्या फटीतून पाहिलं. केस मोकळे, अंगावर पांढरी चादर, चाकाशी झटणारे दोन बारीक हात. आता पायही पाहावेत म्हणून त्याने नजर खाली नेली. पाय सरळ होते. चिखलाने भरलेले, टाचांना भेगा पडलेले. हे पाय गेले आठ दिवस कार्यालयाच्या पायरीवर त्याने रोज पाहिले होते. त्याला भीती वाटली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दरवाजा उघडला. पाणी चारीत शिरलं आणि नेहमीच्या उसाला वळसा घालून पलीकडच्या गव्हाकडे निघालं. जाताजाता भूत चौकीपाशी थांबलं आणि हळूच म्हणालं, "गूळ न्हाई आणला, मच्छिंद्रभाऊ."

ही पहिलीच हाक असल्यामुळे मच्छिंद्रने नियमाप्रमाणे ओ दिली नाही. तो उठला, कंदील मोठा केला आणि नोंदवहीत लिहिलं : "रात्री एक ते तीन. अज्ञात शक्ती. पाय उलटे." एवढी एक खोटी नोंद सोडली, तर त्याने नोकरीत त्या रात्रीइतकं चोख काम कधी केलं नव्हतं.

गहू तगला. परिपत्रक आजतागायत रद्द झालेलं नाही.

वाचकांना मच्छिंद्रचं हसू येणं साहजिक आहे. परवा रात्री तुमच्याही दाराशी कोणी तरी दोनदा हाक मारली होती. आवाज ओळखीचा होता, म्हणून तर तुम्ही दिवा मालवलात. घरच्यांनी विचारलं तेव्हा म्हणालात, "कोणी नाही, झोपा." आणि मग बराच वेळ, श्वास रोखून, तिसरी हाक येऊ नये म्हणून जागे राहिलात.