मागच्या पंगतीच्या निर्मलाबाई

निर्मलाबाईंना जेवायला बोलावलं की त्या घरात वाद ठरलेला. पुरुषांच्या पंगतीत त्यांच्यासाठी पाट मांडलेला असायचा, आणि बाई सरळ स्वयंपाकघरात जाऊन चुलीपाशी भुईवर बसायच्या. "मी मागच्या पंगतीला."

बाई विद्यापीठात संशोधन करायच्या. घरातल्या रीतींचा आजारपणाशी काय संबंध, हा त्यांचा विषय. त्यातही अन्न टाकलेली माणसं. मी चौथीत शाळा सोडलेली, मालवणाकडून मिरजेला पोट भरायला आलेली. दवाखान्यात फरशी पुसत होते, तिथून बाईंनी मला उचललं आणि गावोगाव सोबतीला घेतलं. ते उपकार फिटायचे नाहीत. पण त्या पाट नाकारायच्या तेव्हा मी पिशवी काखेत घेऊन दाराशी बसायचे. हाकललं तर परत फरशी!

एका गावात तर पाट नाकारला म्हणून बाईंचा कडक उपास आहे अशी बातमी पसरली. तीन घरांतून साबुदाण्याची खिचडी आली. बाईंनी तिन्ही संपवल्या, आणि मग मागच्या पंगतीला बसून भाकरीही खाल्ली.

फलटणजवळच्या गावात एका रिटायर सुभेदारांची सोळा वर्षांची मुलगी शालन सतत चक्कर येऊन पडायची. मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. बाई म्हणाल्या, "मिरजेला दाखवू या."

"कशापाई? दोन येळ जेवती पोरगी."

"तुम्ही पाहिलंय?"

"बायकांची ताटं मी बगत बसू व्हय?" सुभेदार तापले. "उठा बाई, पानं वाढल्यात. पाव्हणी उपाशी ठिऊन ह्या घरात कुनी घास घेत न्हाई!"

"मग सोपं आहे. आज बायकांना आधी वाढा."

सुभेदारीणबाई हसू दाबायला तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळल्या. मी सगळे देव आळवले. पण सुभेदार आपल्याच शब्दात सापडले होते. खांबाला टेकून बसले आणि जन्मात पहिल्यांदा घरातल्या बायका जेवताना बघू लागले. आधी खाकरले, मिशीवरून हात फिरवला. मग त्यांची नजर शालनच्या ताटावर थांबली.

शालननं भाकरीचे बारीक तुकडे केले. आमटीत बुडवले, कडेला लावले, परत मधे आणले. एकही तोंडात गेला नाही. शेवटी ती ताट उचलून गोठ्याकडं निघाली.

"शालन," सुभेदार म्हणाले, "रोज म्हशीला घालतीस व्हय गं?"

तिनं ताट तिथंच खाली ठेवलं. सुभेदारांनी टोपी घातली. "कवा निघायचं बाई?" त्यांचं पान तसंच राहिलं.

विद्यापीठाच्या जीपमध्ये शालन बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पुढच्या सीटवरून, मागं न बघता, सुभेदार म्हणाले, "घरातली पोर, आन् मला दिसलं न्हाई."

"मलाही दिसलं नव्हतं, सुभेदार," बाई म्हणाल्या. "मी हुशार, म्हणून वडील मला त्यांच्या पंगतीला बसवायचे. धाकटी बहीण आईबरोबर मागनं बसायची. तिच्या ताटात काय राहतं, ते मी कधी पाहिलंच नाही. मग ती गेलीच."

तीन वर्षं मी त्यांच्यासोबत होते. बाईंना बहीण होती हे मला ठाऊक नव्हतं.

शालननं डोळे उघडले. "काय नाव व्हतं तिचं?"

"कुसुम," बाई म्हणाल्या, आणि तोंड वळवून बाहेरच्या उसाकडं बघत राहिल्या. हात मात्र त्यांनी शालनच्या केसांतून काढला नाही.