भीमरावची रोजची मोडतोड

दोन हजार तेवीस साल, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. या वयात रोज सकाळी रक्त तापवणारा शेजारी कुणाला मिळू नये. मला भीमराव मिळाला.

भीमराव अंबाजोगाईला एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचा. रिटायर होऊन गावात आला, एकटाच. दिवाळीनंतर गाव ऊसतोडीला गेलं की मागं आम्ही म्हातारेच उरतो. आमच्यासाठी तो यादी ठेवतो: कुणाची टोळी उसाच्या कुठल्या फडात. टोळी सारखी जागा बदलते, फोनला चार्जिंग नसतं. मुकादम भीमरावला कळवतात, तो यादीत घालतो. इथपर्यंत माणूस शहाणा.

पण रोज चहा झाला की हा गडी ती यादी चालवणारा कॉम्प्युटरातला डबाच, ज्याला तो कंटेनर म्हणतो, पुसून टाकतो! आमच्या डोळ्यांदेखत! वर म्हणतो, "कोपी मोडली आबा, घर न्हाई मोडलं." आणि नवा कंटेनर उभा करतो.

मी तीस हंगाम ऊस तोडलाय. हा मला कोपी शिकवणार? कोपी म्हणजे फडावरची उसाच्या पाचटाची झोपडी; ती आम्ही हंगाम सरल्यावर मोडायचो, रोज नाही.

"सामान कुठं ठिवायचे?" त्यानं विचारलं.

"गावात. घरात, कुलपात."

"तसंच हाय. नावं वेगळ्या डिस्कवर. कोपीत काय बी न्हाई."

मागच्या माघात माझी सून दिवस भरत आलेली, माझ्या पोरासोबत निपाणीकडं तोडीला. ठिकाण विचारायला गेलो तर यादी कोरी!

"भीम्या, माझी सून कुठं गेली बे?"

"वरडू नका. नव्या कोपीला घर जोडायचं इसरलो."

"तू इसरला, आन् मी कुणाला इचारू?"

त्यानं दोन ओळी बडवल्या. सगळी नावं परत आली. मुकादमाला फोन लावला. सून बरी होती. माझा जीव भांड्यात पडला, राग काही गेला नाही.

दोन यत्ता शिकलोय. अक्षराला अक्षर लावून वाचतो. यादीत सगळ्यात वर होतं: सरूबाई. पुढं ठिकाण कोरं.

"हिचं ठिकाण बी पुसलं का?"

"ते आधीपासूनच न्हाई. आई हाय माझी." तो पडद्याकडंच बघत होता. "मी नऊ वर्षांचा. आजीपाशी ठिवून गेलती. टोळी परत आली तवा कळलं, आई तिकडंच वारली, तिकडंच माती दिली. कुठं, ते कुणी सांगितलं न्हाई."

"मग रोज पुसतो कावून?"

"कोपी मोडली तरी ही ओळ राहती का, ते बघतो."

मला लईच राग आला. एवढं आयुष्य गेलं, आणि गावातल्या एकानंही चौकशी करू नये? चौकशी न करणाऱ्यांत मीही आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं दिंद्रुडला गेलो. सरूबाईच्या टोळीचा मुकादम तिथं अजून जिता आहे; तिला माती कुठं दिली, ते त्याला ठाऊक असणार. त्याला ऐकू कमी येतं. दारात उभा राहून मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं.