ताईबाईची गोष्ट आणि कॉम्प्युटरची घंटी

"एकही झटका माझ्या प्रोग्रामच्या तावडीतून सुटायचा नाही, डॉक्टरसाहेब!" जळगावहून आणलेली फ्लॉपी कॉम्प्युटरमध्ये सरकवत चुडामण म्हणाला.

त्र्याण्णव साल होतं. अंगाला नकळत बसणाऱ्या झटक्यांवर धुळ्याचे धनसिंग डॉक्टर संशोधन करत होते. कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या चुडामणने त्यांना वेळ मोजणारा प्रोग्राम लिहून दिला होता. रीत सोपी होती. समोरच्याला झटका आला, की चुडामणने कळ दाबायची. दहा सेकंद कळ दाबली गेली नाही, की कॉम्प्युटर शाबासकी देणार, टिंग!

समोर गुलाब बसला होता. भडगावकडचा, डी.एड. झालेला, डोळ्यांनी हरणासारखा. कुणी आतून दोरी ओढावी तशी त्याची मान मध्येच हिसकायची आणि घशातून "हं" निघायचं. शाळेच्या मुलाखतीत ते नेमकं अध्यक्षांच्या तोंडावर झालं. "मास्तर, मला वेडावता?" म्हणून त्यांनी त्याला उठवलं होतं. हा आजार आहे, उद्धटपणा नव्हे, असं डॉक्टरांच्या सहीचं पत्र आणलं, तर सोमवारी पुन्हा बोलावणार होते. आणि डॉक्टर म्हणत होते, तपासल्याशिवाय सही नाही.

"मी बाहेर थांबतो, म्हणजे याला अवघडणार नाही," असं म्हणून डॉक्टर दाराआड गेले. "तुम्ही घरच्यासारखं बोलत राहा."

घरच्यासारखं! गुलाबला वाढवणारी त्याची आत्या, ताईबाई, पदर सावरून पुढे सरकली. तिच्या घरी बोलणं म्हणजे गोष्ट.

"गिरना नदीना पल्याड देयेल एक लेक व्हती..."

"हं," गुलाब म्हणाला.

चुडामणने कळ दाबली.

"तिनी टिटवीना हाते माहेरले निरोप धाडा..."

"हं."

पुन्हा कळ. मग चुडामणचं बोट हवेतच थांबलं. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, ही तर त्याच्याही घरची रीत! यातला हुंकार कोणता आणि आजार कोणता? मान पाहावी, तर गुलाब आत्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. इकडे घंटी वाजेना, म्हणून त्याचा चेहरा उतरत चाललेला.

चुडामणने ठरवलं, ठळक दिसेल तेवढंच दाबायचं. पण ताईबाईची टिटवी नदीवरून उडाली, माहेरच्या अंगणात उतरली, आणि भाऊ तिला ओळखेना. चुडामणची बहीण चोपड्याकडे दिलेली. त्याची नजर ताईबाईच्या तोंडावर खिळली. कळ गेली, बोट गेलं, प्रोग्रामही गेला!

टिंग!

ताईबाई दचकली. पुढचं वाक्य संपतं न संपतं तोच पुन्हा टिंग!

"आवं माय! हाई पेटी हुंकार देस!" तिने खुर्ची वळवली आणि गोष्ट थेट कॉम्प्युटरला सांगायला घेतली. ऐकणारा असा भेटला म्हटल्यावर तिच्या आवाजाला पंखच फुटले. टिंग! टिंग! बाजूला गुलाब पोरका.

दार उघडून डॉक्टर हसतमुखाने आत आले. "कमाल आहे! इतका वेळ एकही झटका नाही? अशीच प्रगती असेल, तर आजार आटोक्यात आहे असं लिहून आत्ता सही करतो."

गुलाबने सहीच्या पेनाकडे पाहिलं. सोमवार त्या पेनाच्या टोकावर होता.

"सर, घंटी खोटी आहे," तो म्हणाला. "मला खूपदा आला."

डॉक्टर चुडामणकडे वळले. चुडामणने मान खाली घातली. "साहेब, आधी हुंकार आणि झटका वेगळे कळेनात. मग मी... टिटवीमागे गेलो."

"आणि हुंकार कुठला, झटका कुठला, हे तुला तरी कसं कळतं?" डॉक्टरांनी गुलाबला विचारलं.

"झटका यायच्या आधी घशात मुंगी चढते, सर. हुंकाराला मुंगी नसते."

डॉक्टर हळूच म्हणाले, "हेच तर मला रोग्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आजवर सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी चुडामणसमोरचा कीबोर्ड उचलून गुलाबच्या मांडीवर ठेवला. "मुंगी चढली की तूच दाब. आत्याबाई, गोष्ट चालू द्या."

गुलाब दाबू लागला. आधी कळ, मग मान. आधी कळ, मग मान. कधी कळ दाबून तो ओठ घट्ट मिटायचा, आणि मान जागच्या जागी थरथरून राहायची. ते पाहताना डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले: हा आजार आहे, उद्धटपणा नव्हे.

पण लक्ष सगळं घशात, त्यामुळे गुलाबकडून हुंकार येईना. कळ दाबली जात होती, त्यामुळे पेटीही मुकी. ताईबाई थांबली.

"दोन्ही जपी ग्यात वाटस," ती खट्टू होऊन म्हणाली. "ऐकनारा झोपना, का गोष्ट सरनी."

तेवढ्यात सही करता करता, कागदावरची नजर न उचलता, धनसिंग डॉक्टर म्हणाले, "हं."

आणि गुलाबने इमानदारीने त्यांच्याही नावाने कळ दाबली.