चौथा बोल्ट

ट्रकचं इंजिन बदललं की ड्रायव्हरही बदलतो. जुना ड्रायव्हर जुन्या इंजिनाबरोबर जातो आणि नवा नव्या इंजिनाबरोबर येतो. आमच्या तासगावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे मणेराजुरीच्या चढाला आमच्या गाडीचा ब्लॉक फुटल्याचं कळलं, तेव्हा आईनं इंजिनाची चौकशी केलीच नाही. ती हातातलं पीठ न धुता ओट्याला टेकून खाली बसली.

गाडी लांब नाकाची, जुन्या काळची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यातून जन्मभर बेदाणा वाहिला. तिला एक खोड होती. स्टेअरिंग सोडलं की ती डावीकडं ओढायची. सांगलीहून येताना आमच्या घराचा फाटा डाव्या हाताला लागतो. आप्पा म्हणायचे, "तिला घर ठाऊक हाय." माझ्या मते तो निव्वळ आळस होता, गाडीचाही आणि आप्पांचाही.

दस्तगीर मिस्त्रींनी ब्लॉकवर हातोडी मारून बघितली.

"बद्द वाजतंय, आप्पा. वेल्डिंग धरायचं न्हाई."

"मग दुसरं बगा."

"गाडी इकून टाका की," आई म्हणाली. "तुमी तरी ऱ्हाशीला."

"इकली तरी इंजिन तिच्यातच जाणार. मग मी कुटला ऱ्हातोय?"

"मग उभी करा दारात."

आप्पांनी नुसतं पलीकडं बोट दाखवलं. पलीकडच्या गल्लीत नेमूभाऊंनी गाडी दारात उभी केली होती. तेव्हापासून नेमूभाऊही उंबऱ्यात उभे आहेत. पावसाळ्यात घरचे त्यांच्यावर ताडपत्री टाकतात, उन्हाळ्यात काढतात. सून त्यांना वळसा घालून पाण्याला जाते.

दुसरं इंजिन बार्शीहून आलं. ज्या गाडीचं होतं ती घाटात उलटून चेपली होती, इंजिन तेवढं शाबूत होतं. टेम्पोत इंजिनाशेजारी एक सडसडीत माणूस पाय पोटाशी घेऊन बसला होता. त्याचं नाव लिंबराज. त्यानं आम्हाला नमस्कार केला आणि प्यायला पाणी मागितलं. आईनं पाणी दिलं, पण तोंडाकडं बघितलं नाही.

जुनं इंजिन गॅरेजच्या आवारात आहे तोवर जुना ड्रायव्हर हाताशी असतो, आणि नवं बसवून देणं रिवाजानं त्याच्याकडंच असतं. गाडीची खोड दुसऱ्या कुणाला कळणार? त्यामुळे आपल्या जागी येणारं इंजिन आप्पांनी स्वतः बसवलं. मला हा रिवाज तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. माणसाला त्याचंच सरण रचायला लावल्यासारखा तो प्रकार आहे.

कप्पीच्या साखळीला नवं इंजिन लटकलं, तेव्हा लिंबराजचेही पाय जमिनीला नीट लागेनात. दस्तगीर मिस्त्रींनी त्याला खांब धरून उभं राहायला सांगितलं. आप्पा बॉनेटमध्ये वाकले. नवं इंजिन जुन्यापेक्षा लांब होतं. मागं सरकवलं तर केबिनच्या पत्र्याला घासायचं, पुढं घेतलं तर फॅन रेडिएटरला लागायचा.

"उलीसं माघारी," आप्पा म्हणाले. मिस्त्रींनी पहार लावली.

"बास. आता माझ्या बाजूला. अजून. हात बसतोय का बगा मधे."

फॅन आणि रेडिएटरच्या मध्ये मिस्त्रींचा पंजा आडवा बसला. मग आप्पांनी ओळंब्याचा दोरा पुढून मागं धरला आणि इंजिनाची रेघ गिअरबॉक्सच्या रेघेला मिळवली. लिंबराज खांबाला धरून हे सगळं बघत होता.

"मालक, तुमी लई नीट बसवायलाव," तो म्हणाला.

"वाकडं बसलं तर तुझेच हात दुकतील, बाबा," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र होता.

चार बोल्टांवर इंजिन बसतं. चारही आवळले की नवा ड्रायव्हर घरचा होतो. आप्पा हात धुवायला हौदाकडं गेले, तेव्हा आईनं पदराखालून एक बोल्ट काढला. जुन्या इंजिनाचा, तेलानं काळा झालेला. तो तिनं मिस्त्रींपुढं धरला.

"भावजी, एक ह्यो बसवा."

"आटे झिजल्यात, वहिनी. इंजिन तिरकं हुईल."

"हुंदे. समदा माणूस नगा घालवू माझा. थोडा ऱ्हाऊ दे."

दस्तगीर मिस्त्रींनी आमच्या घरची भाकरी खाल्ली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान हलवली. चौथा बोल्ट जुना बसला.

जुनं इंजिन टेम्पोत चढवलं. आप्पा त्याच्या शेजारी पाय पोटाशी घेऊन बसले आणि कुपवाडच्या भंगारात गेले. लिंबराज गाडीतून उतरून आमच्या घरी आला आणि खुंटीवरची आप्पांची टोपी त्यानं घातली. ती त्याला थोडी सैल झाली.

माणूस वाईट नव्हता. ताटात पडेल ते खायचा, माल वेळेवर पोचवायचा. गाडी अजून डावीकडं ओढायची, पण आधीपेक्षा कमी. रेशनच्या दुकानात आप्पांच्या कार्डावर त्याचा अंगठा मशीनवर तीनदा जुळायचा नाही आणि चौथ्यांदा जुळायचा. दुकानदार म्हणाला, "चौथ्याला जुळला तरी नियमात बसतंय." मागं रांग खोळंबायची, पण कुणी कुरकुर केली नाही. एक बोल्ट जुना ठेवलेली गावात आणखीही घरं होती.

आई त्या चौथ्या वेळेसाठी जगायला लागली. एरवी लिंबराज तिला काकू म्हणायचा. मधूनच एखाद्या संध्याकाळी दारातून हाक यायची, "अगं, ऐकलंस का?" आई हातातलं टाकून धावायची. तो तिच्याकडं ओळखीचं बघायचा, विचारायचा, "गुडघा कसा हाय?" आणि पुढच्या क्षणाला ओशाळून म्हणायचा, "काकू, माफ करा."

एकदा तो मला म्हणाला, "ताई, मला तुमच्या आईच्या लग्नातला मांडव आठवतो. हिरव्या चोळीतली नवरी दिसती. मी तर तवा जलमलो बी नव्हतो. आन् बार्शीतल्या माझ्या बायकूचं तोंड तेवढ्या येळेपुरतं पुसून जातंय. असलं किती दिस चालायचं?"

मी त्याला सांगितलं, घरच्या गोष्टीत मला विचारू नका. मला त्याचा राग यायचा, आणि राग यावा असं त्यानं काही केलेलं नव्हतं, म्हणून जास्त यायचा.

मग भंगारवाल्याचा निरोप आला. माल अपुरा आहे, एक बोल्ट कमी आहे, अपुरा माल कापता येत नाही, घेऊन जा किंवा पुरा करा.

आई हरखली. "कापलं न्हाई अजून? म्हंजे हायत की!" तिनं भाकऱ्या थापल्या, ठेचा केला आणि डबा बांधला. मिस्त्री म्हणाले, मी बरोबर येतो, आणि त्यांनी एक नवा बोल्ट खिशात टाकला. तो कशाला, असं आईनं विचारलं नाही. गाडी लिंबराजनं चालवली.

भंगाराच्या आवारात पत्र्यांच्या ढिगाआड आप्पा इंजिनाला टेकून उन्हात बसले होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. भंगारवाला म्हणाला की अर्धवट निघालेल्या माणसाला झोप लागत नाही. आल्यापासून ते असेच बसून आहेत आणि शेजारचा माल कापताना बघतात.

"शालन," आप्पा मला म्हणाले, "गाडी बरी पळतीया न्हवं?"

मी होय म्हणाले. त्यांनी मिस्त्रींनाही ओळखलं, लिंबराजलाही. म्हणाले, "टोपीला मागनं एक टाका घाल, सैल हुतीया." आई पुढं सरकली आणि तिनं डबा उघडला. आप्पांनी भाकरी घेतली, ठेच्याला लावून खाल्ली. मग त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"बाई, तुमी कुणाच्या?"

आई हसली. तिला ती थट्टा वाटली, कारण आप्पा असल्या थट्टा करायचे. "मी आवडी, तुमच्याच घरची. आता खावा गुमान."

"कोण आवडी?" आप्पांनी मला विचारलं. आपुलकीनं विचारलं, पाहुण्याबद्दल विचारतात तसं.

आई डब्याचं झाकण धरून तशीच बसून राहिली. आप्पांना गाव आठवत होतं, मी आठवत होते, घाटातली वळणं आठवत होती. एका बोल्टाएवढं तेवढं आठवत नव्हतं. तो बोल्ट आमच्या गाडीत होता आणि तिनं स्वतःच्या हातानं तो काढून ठेवला होता.

"बोल्ट दिला तर ओळकतील?" तिनं भंगारवाल्याला विचारलं.

"ओळखतील. पण मग माल पुरा झाला. पुरा माल मी ठेवून घेत नाही, लगेच कापतो. मागं गाड्या लागल्यात."

"जरा येळ द्याल?"

"बोल्ट आवळून होईपर्यंत."

आईनं डब्याचं झाकण लावलं. शेजारी कापणारा पोरगा गॅसची नळी गुंडाळत होता, मग त्यानं ती परत उलगडली. लिंबराज गाडीला टेकून जमिनीकडं बघत उभा होता. शेवटी आई म्हणाली, "भावजी, काढा."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, जुना बोल्ट काढला आणि नवा बसवला. इंजिन जागच्या जागी किंचित हललं आणि रेघेत बसलं. लिंबराजनं मोठा श्वास सोडला. जुना बोल्ट आईनं पदरानं पुसला आणि पान्यासकट आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो भोकात घातला आणि सवयीनं आवळायला सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर त्यांचा हात थांबला.

"आवडे," ते म्हणाले. "किती वाळलीस गं. गुडघा?"

"बरा हाय."

"ठेच्यात मीठ कमी पडलंय."

"घाईत केला," आई म्हणाली. ती रडत होती आणि मीही. "अवो, हळू आवळा. सावकाश आवळा जरा."

आप्पांनी मान डोलावली. माझ्या आयुष्यात मी त्यांना इतक्या सावकाश काम करताना कधी बघितलं नव्हतं. पाना ते केसभर फिरवत होते, थांबत होते, आईकडं बघत होते. पण झिजला असला तरी तो बोल्टच होता. कितीही सावकाश आवळला तरी शेवटी बसतोच. तो बसला.

कापणाऱ्या पोरानं आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, ठिणग्या उडतात म्हणून.

परतताना आई मधे बसली होती आणि मी खिडकीशी. मिस्त्री मागं हौद्यात बसले. गाडी एका सुतात पळत होती. लिंबराजनं रस्त्यात एकदा दोन्ही हात सोडून बघितले, तरी ती इकडंतिकडं झाली नाही. आप्पांनी इंजिन खरोखर नीट बसवलं होतं.

इतके दिवस फाट्याला गाडीच डावीकडं ओढायची, आता फाटा आला तरी ती सरळच निघाली. लिंबराजनं गडबडून ब्रेक लावला आणि आईकडं वळून अदबीनं विचारलं, "काकू, घर कुणीकडं म्हणायचं?"

आईनं डोळे पुसले आणि पदर नीट केला.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली.