नारायणकाकांची पहिली चूक

नारायणकाका छापायला जाणारं पान शेवटच्या शब्दापासून वाचायला सुरुवात करतात आणि पहिल्या शब्दाशी येऊन थांबतात. तेही तोंडाने म्हणत. आमच्या साप्ताहिकाच्या वसईतल्या कचेरीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा हा साठी ओलांडलेला गृहस्थ कोपऱ्यात बसून "आहे केले आवाहन असे नागरिकांना" असं काहीतरी पुटपुटत होता. मी घाबरलेच. म्हटलं, म्हाताऱ्याला झटका आला! पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, निम्मी बाटली संपवली आणि "सदस्य सर्व मंडळाचे" म्हणत पुढे, म्हणजे मागे, चालू पडले.

काका आमचे मुद्रितशोधक. वसईजवळच्या गास गावचे. घरची थोडी भातशेती सांभाळून तीस वर्षं ते या कचेरीत प्रुफं वाचतायत. अंकाची पानं असतातच, शिवाय मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, चर्चच्या सणांची पत्रकं, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून जातं. आणि काकांनी पाहिलेलं पान पुन्हा कोणी वाचत नाही, हा आमच्याकडे कायदाच आहे.

"असं उलटं का वाचता?" मी विचारलं.

"सरळ वाचला का अर्थ कळतो. अर्थ कळला का चूक दिसत नाय. अर्थ वाचायला लोक हायेत गो. आपन अक्षरं वाचायची."

हे ऐकून मला दुसरा धक्का बसला. आपन? मी सांगलीची. शुद्ध बोलण्याचा मला फार ताठा. आमच्या घरी 'ण'चा 'न' केला तर आई पुढचा घास थांबवून तो शब्द पुन्हा म्हणायला लावायची. आणि इथे ज्याच्या हाती अख्ख्या अंकाचं शुद्धलेखन, तो स्वतःचं नावसुद्धा "नारायन" असं सांगतो! मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

तिसऱ्या दिवशी माझं पहिलं पान तपासून आलं. लाल लाल झालेलं. त्यात चार ठिकाणी मीच 'ण'च्या जागी 'न' ठेवला होता. माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, कारण काका पहिल्यांदाच हसले.

"मला बोलता येत नाय ना, म्हनून तो मला दिसतो. तुला येतो, तर तू त्याच्यावरून डोळे मिटून जातेस."

सांगलीचा ताठा त्या दिवशी जो वाकला तो वाकलाच.

पुढे दोनेक वर्षांनी काकांबद्दल एकच तक्रार सुरू झाली, वेळेची. सकाळी दिलेली पानं ते संध्याकाळी सहाला परत द्यायचे. मालक, म्हणजे संपादकही तेच, वैतागायचे. गोखिवऱ्याचा छापखाना पानं लवकर मागू लागल्यावर तर त्यांनी मलाच सांगितलं, "काकांकडे बघ जरा. एवढा वेळ जातो कुठे?"

म्हणून एके दिवशी मी नऊलाच हजर झाले. काका आठपासून बसलेले. आणि मी जे पाहिलं त्याने माझ्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. आठ पानं, साडेदहाला खलास! पान हातात आलं की काका आधी फक्त नावं-आडनावं बघत. दुसऱ्या फेरीत फक्त आकडे. मग ण आणि ळ. मग वेलांट्या. प्रत्येक फेरीला डोळे एकच गोष्ट शोधत, आणि एकच शोधायची म्हणून नुसते धावत.

"भाताची बेननी कधी केलीस? गवत काढायला गेलीस आनि सगळं एकदम उपटलंस, तर रोपंच उपटशील. आधी मोठं गवत, मंग बारीक. फेऱ्या जास्त, पन काम लवकर."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मी एका पानात मुद्दाम अकरा चुका पेरल्या. वीस मिनिटंही लागली नाहीत. काकांनी बारा काढल्या. बारावी माझीच होती, आणि ती मला अजून दिसत नव्हती.

मग दिवसभर काय? तर झालेलीच पानं पुढ्यात घेऊन बसायचं. पेन ओळींवरून फिरायचं, पण कागदाला टेकायचं नाही. दोन वाजता आमच्याबरोबर डबा खायचा, पुन्हा पेन फिरवायचं, सहाला उठायचं. मला खूप हसू आलं. म्हटलं, बेरकी आहे म्हातारा, नवं काम गळ्यात पडू नये म्हणून सोंग करतो.

आणि माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. मी धावत जाऊन मालकांना सांगितलं. अगदी कौतुकानेच. मालक इतके खूश झाले की लगेच बाहेर येऊन म्हणाले, "काका, उद्यापासून एक वाजता घरी जायचं. पगार तोच. एवढी वर्षं केलंत, आता आराम करा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. काका "बरा" म्हणाले आणि कपाटावरच्या आपल्या डब्याकडे बघत राहिले. मी टाळ्या वाजवत होते, त्यामुळे मला ते दिसूनही दिसलं नाही.

तीन आठवडे छान गेले. मग तो अंक आला. पहिल्या पानावर माझीच बातमी, आणि तिच्यावर ठसठशीत मथळा: 'वसईला पुरेसे पानी कधी?'

फोन वाजायचे थांबेनात. मालकांनी अंक टेबलावर ठेवला, तसे सगळे भोवती जमले. काकांच्या पानात चूक! मथळ्यात! मग आमचा ऑपरेटर दबक्या आवाजात म्हणाला, "शेवटी जीभ पेनात उतरलीच." एकदोघं हसले. काका मान खाली घालून बसले होते.

 माझ्या कीबोर्डवर एकच कळ साधी दाबली की न आणि शिफ्टबरोबर दाबली की ण. घाईत शिफ्ट निसटलं होतं. चूक माझी होती. ती कबूल करावी म्हणून मी जुन्या प्रुफांचा गठ्ठा उपसला, पहिलं पान शोधलं आणि गार पडले.

'पानी'तल्या न वर लाल पेनाने ण लिहिला होता. मग तो ण खोडला होता. आणि 'पानी' शब्दाखाली टिंबांची नीट रांग काढली होती. आमच्या धंद्यात त्या टिंबांचा अर्थ एकच: आहे तसंच राहू द्या.

एक वाजत आला होता. काका डबा पिशवीत घालत होते. मी ते प्रूफ त्यांच्यासमोर धरलं. "काका, तुम्ही पकडली होती! मग ही टिंबं कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"कुनाच्या नावात सोडता येत नाय. आकड्यात सोडली तर मान्सं भलत्याच दिवशी लग्नाला जातील. पान्यात सोडली. कुनाचं काय बिघडलं नाय."

"पण सोडलीतच का?"

"घाईत चुकतो म्हनून मालक पुन्हा सहापर्यंत बसवतील." मग डब्याकडे बघत म्हणाले, "एकट्यानं जेवला का आपलाच चावायचा आवाज येतो गो. ती होती तवा मला तो कधी आयकू आला नवता."

दीड वर्षापूर्वी काकी गेल्या तेव्हा आम्ही सगळे गासला जाऊन आलो होतो. मी त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायले होते. म्हणजे मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी टाळ्या वाजवल्या होत्या. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात मालक बाहेर आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तीस वर्षांत एक चूक म्हणजे काहीच नाही. जा घरी, आराम करा."

काका पिशवी उचलायला वाकले. तीस वर्षांचं नाव त्या माणसाने एका अक्षरावर उधळलं होतं, आणि ते मालकांनी मोठ्या मनाने माफ करून फुकट घालवलं! मला राहवेना.

"नाही मालक," मी म्हणाले. "काकांना घाई झेपत नाही. डोळे थकतात आता. त्यांना संध्याकाळपर्यंत बसवा, नाहीतर पुढच्या अंकात कुणाचं तरी नाव चुकेल."

"बरं, मग सहापर्यंतच बसा काका," मालक म्हणाले. ऑपरेटरने मान डोलावली. काकांनी हळूच पिशवी खाली ठेवली.

दोन वाजता आम्ही जेवायला बसलो. काकांनी माझ्या डब्याच्या झाकणात वालाची भाजी वाढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं बोलताना तू जराबी अडखळत नायस गो."

मी माझी अर्धी पोळी त्यांच्या डब्यात ठेवली.